पावसाला घाबरणारे चाहते

१

मंगळवारी सकाळी शंका गालगुंडाच्या तीन आठवड्यांच्या रजेवरून कामावर परतली आणि पाहते तो काय, एकोणीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेला एक बास्केटबॉलपटू तिच्या पडद्यावर पाय रोवून उभा. रजेवर जाताना त्याचा अंक चार होता. आता एकाहत्तर होता. मध्यंतरी त्याने असं काय केलं होतं? तिने शोधलं. काहीच नाही. वारलाही नव्हता.

"वारला असता तर मी समजू शकलो असतो," साहेब म्हणाले. "वारल्यावर आठवडाभर छान अंक येतो."

कुणी दूध मोजतं, कुणी कापड मोजतं, ही कचेरी लोकप्रियता मोजायची. इंटरनेटवर कुणी एखाद्याचं नाव लिहिलं, शोधलं, किंवा कुणाच्या फोटोत, व्हिडिओत त्याचा चेहरा दिसला, की यंत्र एक 'आठवण' धरायचं. दिवसभराच्या आठवणींचा शंभरपैकी अंक व्हायचा. आठवण कुणाची, कुठली, हे यंत्र सांगत नसे. ते विचारायचं असेल तर मुख्य कचेरीला पत्र पाठवायचं, आणि मुख्य कचेरी महिन्याभराने "आपलं पत्र मिळालं" असं उत्तर द्यायची.

शंकाचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असल्याची शंका काढली. ती खरी निघाली. तेव्हापासून सगळ्यांना संध्याकाळी पाच मिनिटं जास्त बसावं लागायचं, आणि तिचं हे नाव तेव्हापासूनचंच.

"हे बघ," साहेबांनी दार लावून घेतलं. ते उघडंच बरं होतं, कारण खोलीत पंखा नव्हता. "क्रीडागृहावर एकोणीस वर्षं या माणसाच्या नावाची पाटी आहे. पाटी रंगवायला काढली तेव्हा समितीतला एक जण म्हणाला, रंगवतोच आहोत तर नावही ताजं घालू. दोन आठवड्यांपूर्वी ठराव झाला. ज्याचा अंक मोठा त्याची पाटी. एका बाजूला हा, उंचीमुळे सगळे ज्याला शिडी म्हणतात तो, दुसऱ्या बाजूला फुगेवाला."

"फुगेवाला म्हणजे?"

"फुगे फोडतो. त्याचे व्हिडिओ असतात. अंक अडुसष्ट. आता तो म्हणतो शिडीने लबाडी केली. लबाडी निघाली तर मोजणीच रद्द, शिडीची पाटी त्याच दिवशी खाली. शुक्रवारी दुपारी बारा वाजता अहवाल."

"भावनांचा रकाना पाहिलात?" शंकाने विचारलं.

यंत्र आठवणींबरोबरचे आवाजही ऐकायचं. शिडीच्या आठवणींत प्रेम होतं अठरा टक्के, राग चार टक्के, आणि किंकाळी अठ्ठ्याहत्तर टक्के.

"चाहते किंचाळतातच," साहेब म्हणाले.

"एकोणीस वर्षांनी?"

साहेबांनी दार उघडलं.

२

क्रीडागृहाच्या रखवालदाराला सगळे किल्लीकाका म्हणत. गळ्यात किल्ल्यांचा एवढा जुडगा, की काका आले हे काकांच्या आधी कळायचं.

"इथे उभा असायचा," त्यांनी प्रवेशद्वाराजवळची रिकामी जागा दाखवली. फरशीवर तिथे धूळ नव्हती, दोन पावलांएवढी. "पुठ्ठ्याचा शिडी. खऱ्या मापाचा, सात फूट एक इंच. एक हात कमरेवर, एका काखेत बॉल. गेला."

"गेला म्हणजे?"

"चोरीला गेला! तुम्ही त्याच्यासाठीच आलात ना?"

शंका अंकासाठी आली होती. आता तिच्याकडे दोन भानगडी झाल्या. एकीकडे माणूस अचानक सगळ्यांना आठवत होता, आणि दुसरीकडे त्याचा पुठ्ठा कुणाला सापडत नव्हता.

"कधी गेला, काका?"

"तीन आठवडे झाले. सोमवारी. पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, वर्णन सांगा. मी म्हटलं, उंची सात फूट एक इंच, जाडी अर्धा सेंटिमीटर. त्यांनी फोन ठेवला." काकांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "छत्र्या टांगायला इतकी चांगली सोय दुसरी नाही हो. त्या कमरेवरच्या हाताला सहा छत्र्या मावायच्या."

पुढचं दार काकांसमोर असायचं. तिथून सात फुटांचा माणूस, पुठ्ठ्याचा का होईना, नेणं शक्य नव्हतं. मागचं दार आतून बंद असे, आणि त्याची कडी अगदी वर, छताला टेकलेली.

"ही तुम्ही कशी काढता?"

"स्टुलावर चढून."

"त्या दिवशी स्टूल कुठे होतं?"

"कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात. पण दिवस मावळायच्या आत बघतो तर कडी काढलेली! तुम्हीच सांगा, चोर काय उडत आला?"

शंकाने हात वर करून पाहिला. टाचा उचलून पाहिल्या. उडी मारून पाहिली. कडी जशीच्या तशी. काका कौतुकाने बघत राहिले, आणि शंकाला एकदम असं काही सुचलं की तिला ते मुळीच आवडलं नाही.

३

फुगेवाल्याच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे फुगे, आणि प्रत्येक फुग्यावर छापलेला फुगेवाल्याचा हसरा चेहरा. कोपऱ्यात त्याची आई पायाने पंप मारत होती आणि हाताने मोबाइल बघत होती.

"मिनिटाला एकशे चाळीस," फुगेवाला म्हणाला. "विक्रम आहे. त्याच क्रीडागृहात केला. आणि तो शिडी काय करतो हल्ली? बसतो!"

"त्याला एकाहत्तर अंक कुठून मिळाला असेल?"

"यंत्रात हात घातला असेल. हात लांब आहेत त्याचे." त्याने स्वतःच्याच एका तोंडावर टाचणी टेकवली. फाट्! शंका दचकली. आई दचकली नाही. "सवय झाली हो," ती म्हणाली. "बाळंतपणातसुद्धा एवढी दमले नव्हते. बारा हजार फुगवलेत मी या महिन्यात."

"मागच्या महिन्यात पुठ्ठ्याच्या शिडीशेजारी तुमचा फोटो निघाला होता का?"

"निघाला होता. त्याच्या गळ्यात फुगा बांधला होता मी. गंमत म्हणून." तो थांबला. "पुठ्ठा मी चोरला असं म्हणायचंय का? माझी उंची बघा. मला दिव्याचं बटण दाबायला आई लागते."

हे खरं होतं. आईने मानेनेच दुजोरा दिला. म्हणजे तो सुटला, आणि शंकाच्या मनात जे नाव होतं ते आणखी घट्ट बसलं.

४

शिडी आपल्या मोठ्या बहिणीकडे राहायचा. बहिणीला सगळी गल्ली अक्का म्हणे. उंची पावणेपाच फूट. दोघं शेजारी उभे राहिले की एकाच माणसाचं आधीचं आणि नंतरचं चित्र वाटावं, फक्त कुठलं आधीचं ते सांगता येऊ नये.

तसे ते शेजारी उभे राहायचेच नाहीत म्हणा. शिडी बसलेला असायचा. आताही ठेंगण्या कोचावर बसला होता, गुडघे कानांच्या पातळीवर. शर्टावर त्याने जुनी जर्सी चढवली होती. तिच्यावरचा आकडा पोटाने ताणून आडवा केला होता.

"एकाहत्तर म्हणजे किती हो माणसं?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"तेच मोजायला आलेय, सर."

"मी रोज सकाळी पाटी बघायला जातो," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं. गुडघे गेले, खेळ गेला, संघही बंद पडला. पाटी आहे म्हणून मी होतो हे मला पटतं. नाहीतर कधीकधी मलाच शंका येते."

"सकाळपासून भाषण पाठ करतोय," अक्का चहा ठेवत म्हणाली. तिच्या हातात मोबाइल होता. शंकाने पाहताच तिने तो टेबलावर पालथा घातला. "बाळ, बिस्किट घे. आणि पाय काढ, बाईंना जायला वाट नाही."

भिंतीवर एक कॅलेंडर होतं, चांगलं सात फुटांवर. शंकाला त्यातली फक्त खालची मोठी ओळ वाचता आली, "रविवारी बंद".

"एवढ्या वर?"

"यानेच लावलंय. मला तारीख बघायची तर याला हाक मारावी लागते. याच्या मित्राने दिलंय. बाकडा म्हणतात त्याला. अकरा वर्षं संघात होता, आणि अकराही वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर. आता गाडी शिकवतो."

शंकाने चहा संपवला आणि साध्या आवाजात विचारलं, "सर, तुमचा पुठ्ठा हरवलाय, माहीत आहे?"

शिडीने छताकडे पाहिलं. ते त्याच्यापासून फार लांब नव्हतं.

"असं? बरं झालं. त्या छत्र्यांतून तरी सुटला बिचारा."

त्याचे कान लाल झाले. स्टुलाशिवाय ती कडी काढू शकेल असा या गावात एकच माणूस होता, आणि तो तिच्यासमोर बसून बिस्किट बुडवत होता. लबाडी निघाली तर पाटी खाली. आणि लबाड हाच?

निघताना तो निरोप द्यायला उठला आणि टांगलेल्या दिव्यावर डोकं आपटू नये म्हणून सवयीने वाकला. तसाच वाकून म्हणाला, "शुक्रवारी जर्सीत येऊ की कोटात?"

५

गुरुवारी दुपारी शंका आलेख पसरून बसली. तिचं डोकं भणभणत होतं. शिडीने पुठ्ठा चोरला, इथवर ठीक. पण पुठ्ठा चोरून अंक कसा वाढेल? काखेत पुठ्ठा मारून घरोघर फिरला असेल? आणि लोक त्याला बघून किंचाळले असतील? हे तितकंसं अशक्य नव्हतं, पण अहवालात लिहिण्यासारखंही नव्हतं.

"साहेब, हे बघा. तीन आठवडे रोज आठवणी सकाळी दहाला सुरू होतात. पाऊण तास येतात, पाव तास थांबतात. पुन्हा पाऊण तास, पुन्हा पाव तास. दुपारी दोन तास शुकशुकाट. रविवारी एकही नाही."

"शिस्तीचे चाहते आहेत."

"आणि ही दुपार बघा. गेला बुधवार. तीन वाजता धो धो पाऊस आला, तीन वाजून दोन मिनिटांनी सगळे चाहते गायब. कोणता चाहता घरात बसून मोबाइल बघताना पावसाला घाबरतो?"

साहेब विचारात पडले. पाच मिनिटं पडून राहिले.

"भिजण्याची भीती असलेला," ते म्हणाले.

आणि शंका खुर्चीतून उठलीच. साहेब आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलले होते आणि त्यांना ते कळलं नव्हतं. पावसात कोण भिजून लगदा होतं? पुठ्ठा! पाऊस आला की पुठ्ठा आत घेतात. आणि यंत्राला काय, चेहरा दिसला की आठवण. तो हाडामांसाचा की पुठ्ठ्याचा, हे यंत्राला कुणी शिकवलंच नव्हतं!

"पाऊण तासाचा तास," ती स्वतःशीच पुटपुटली. "रविवारी बंद. आणि किंकाळ्या..."

"कुठे निघालीस?"

"गाडी शिकायला."

जाता जाता तिची नजर आलेखाच्या एका कोपऱ्यावर अडली. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एक बारीक उंचवटा. रविवारी होता. पावसातही होता. मागच्या वर्षीही होता, त्याच्या मागच्याही. शिडीचा तो जुना चार अंक सगळाच्या सगळा तिथे गोळा झाला होता. हा कोण चाहता, जो एक दिवसही चुकला नाही? पण तेवढा वेळ नव्हता. ती जिना उतरली.

६

मोकळ्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून रस्ते केले होते. मधोमध, रेघेवर, शिडी उभा होता. कमरेवर हात, काखेत बॉल. मानेला चिकटपट्टी, छातीवर टायरचा ठसा, आणि चेहऱ्यावर विजयाचं हसू. समोरून एक छोटी गाडी आचके देत आली, आतून जीव खाऊन किंकाळी ऐकू आली, आणि शिडी आडवा झाला.

"सदतीस," बाकड्याने वहीत लिहिलं. मग तो गाडीकडे ओरडला, "काकू, ब्रेक मधला! मधला! माणूस दिसला की दाबायचा असतो, डोळे मिटायचे नसतात!"

शंकाने पुठ्ठा उभा करायला मदत केली.

"व्हिडिओ काढता ना तुम्ही?"

"काढतो की. गाडीत कॅमेरा आहे. प्रत्येकाचा तास इंटरनेटवर टाकतो, घरच्यांना प्रगती कळते. पाऊण तास समोर हाच दिसत असतो. का हो?"

यंत्र व्हिडिओतला चेहरा दर सेकंदाला मोजायचं. शंकाने मनात गुणाकार सुरू केला आणि मध्येच सोडून दिला.

"हा इथे कसा आला?"

बाकड्याने वही मिटली. "त्यानेच आणला. काखेत मारून. मागच्या दाराने निघाला म्हणे. सांगत होता, याच्या हाताला छत्र्या टांगतात, गळ्यात फुगे बांधतात, मला बघवत नाही. घरात मावत नाही, तुझ्या शेडमध्ये ठेव. मी ठेवला. मग मला पादचारी हवाच होता."

"त्याला ठाऊक आहे याचं काय करता ते?"

"वेड लागलंय का, बाई? तो शेडमध्ये ठेवून गेला तो गेलाच. त्याच्या घरी तर इंटरनेट काय ते फक्त अक्कांना कळतं." त्याने पुठ्ठ्याच्या छातीवरचा चिखल रुमालाने पुसला. "अकरा वर्षं तो मैदानात आणि मी बाकावर. आता मी बसतो आणि तो उभा राहतो. पण मी एकदाही उडवला नाही हां. सदतीसही वेळा शिकणाऱ्यांनी."

"कुठल्या दिवशी आणला?"

"सोमवारी. तीन आठवडे झाले."

शंकाचा श्वास मोकळा झाला. पुठ्ठा आला तीन आठवड्यांपूर्वी. मोजणीचा ठराव झाला दोन आठवड्यांपूर्वी. जी शर्यत अजून ठरलीच नव्हती तिच्यात कोण लबाडी करेल? शिडी चोर होता, पण लबाड नव्हता. आणि चोरही स्वतःचाच.

मात्र पुठ्ठा वजा केला की काय उरणार, हेही तिला कळत होतं. फुगेवाल्याचे अडुसष्ट समोर उभे होते. ती मैदानातून निघाली ती पाय ओढत. मग रस्त्याच्या मधोमध थांबली, आणि मागून एक काकू भोंगा वाजवेपर्यंत हललीच नाही.

पुठ्ठ्याचा चेहरा आठवण नसेल, तर रबराचा कसा असेल?

७

शुक्रवारी बारा वाजता समितीचे पाच जण, फुगेवाला, त्याची आई, शिडी, अक्का, साहेब आणि किल्लीकाका क्रीडागृहाच्या कचेरीत दाटीवाटीने बसले. शिडी जर्सी आणि कोट दोन्ही घालून आला होता.

शंकाने पुठ्ठ्याची हकिगत सांगितली. सदतीस वेळा हा आकडा तिने गाळला. तरी शिडीचं तोंड उतरत गेलं. शेवटी त्याने खिशातलं भाषण काढलं, घडी घातली आणि परत ठेवलं.

"म्हणजे मला कुणीच..." तो म्हणाला.

"बघा! पुठ्ठा!" फुगेवाला उठला. "करा वजा!"

"केला," शंका म्हणाली. "गाडीच्या तासांच्या वेळा काढून पुठ्ठा वजा जाता यांचा अंक नऊ."

"आणि माझा अडुसष्ट!"

"नियम दोघांना एकच. छापलेले चेहरे मोजायचे नाहीत. काकू, या महिन्यात तुम्ही फुगे किती फुगवलेत?"

"बारा हजार," आई नकळत म्हणाली.

"प्रत्येकावर यांचं तोंड. ते वजा केले. यांचा अंक सहा."

खोलीत इतकी शांतता झाली की काकांच्या किल्ल्यासुद्धा गप्प बसल्या. फुगेवाल्याने हिशोब पडताळला. पुन्हा पडताळला. मग त्याने शेवटचं शस्त्र काढलं.

"एकोणीस वर्षं चारच होता ना हा? मग ते चार कुणाचे? घरचेच कुणीतरी रोज नाव शोधत असणार. ते वजा केले तर याचे उरतात पाच, आणि माझे सहा!"

समिती शंकाकडे वळली. शंका अक्काकडे बघत होती. अक्का मोबाइल पदराखाली सरकवत होती.

"बरोबर आहे," शंका म्हणाली. "रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. घरचं माणूस आहे. पण मग सगळ्यांच्याच घरचे वगळू. काकू, तुम्ही मुलाचं नाव दिवसातून किती वेळा शोधता?"

आईने मुलाकडे पाहिलं. मग खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"पंप मारताना पाय मोकळे नसतात हो, हात असतात. शोधते. सारखीच."

"त्यांचे चार होतात," शंकाने कागद पुढे केला. "घरचे धरून नऊ आणि सहा. घरचे वगळून पाच आणि दोन. कसंही मोजा."

समितीने दोन्ही प्रकारे मोजलं, आणि पाटीवर शिडीचंच नाव राहिलं. मग एका सभासदाने पाटीवर कुठला रंग द्यायचा हा विषय काढला, आणि त्यावर त्यांचं दोन तास भांडण झालं.

८

घरी परतल्यावर शिडी कोचावर बसला. गुडघे कानांशी. शंका अहवालाची प्रत द्यायला आली होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"ते पाच कुणाचे, बाई?" त्याने विचारलं.

"गाडी शिकणाऱ्यांचे. बाकडा सर प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, हा कोण ते. काहीजण घरी जाऊन शोधतात. बहुतेक माफी मागायला."

तो थोडं हसला. मग बहिणीकडे वळला. "आणि अक्का, चार तू? एकोणीस वर्षं? अगं, मी पलीकडच्या खोलीत असतो."

अक्काने टेबलावरचा मोबाइल उचलला, पुसला, पुन्हा ठेवला.

"त्यात तू उभा असतोस रे," ती म्हणाली. "इथे तर बसलेलाच असतोस."

शिडीने दोन्ही हात कोचावर टेकले, एकेक गुडघा सरळ केला, आणि या वेळी न वाकता पूर्ण उभा राहिला. दिवा त्याच्या डोक्यावर आपटून गरागरा फिरला, खोलीतल्या सगळ्या सावल्या इकडून तिकडे धावल्या.

"लागलं का रे, बाळ?"

"लागलं," शिडी म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.